मारुती डाव्या हाताला

अविनाश मोहरील गेल्याची बातमी मला शाळेच्या जिन्यात कळली. जुनवानीच्या ज्या शाळेत मी कॉमर्स शिकवतो, तिथला जिना उतरताना मला कठडा धरावा लागतो. उजवा गुडघा दुखरा, म्हणून तो पाय आधी खाली टाकायचा आणि दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा. अकरावीची पोरं दोन्ही बाजूंनी धडाधड उतरत असतात आणि मी मध्ये, नव्या सुनेसारखा. जिन्याच्या वळणावर फोन वाजला. नाव अवीचं दिसलं म्हणून उचलताच म्हणालो, "बोल बे, आज मास्तरची आठवण कशी आली?" पलीकडे मीनलवहिनी होत्या. म्हणाल्या, "गजूभाऊ, हे गेले." पोलादाच्या प्लांटमध्ये, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या, दुपारच्या चहाआधी. डोक्यातली नस फुटली म्हणे. मी तिथेच पायरीवर बसलो. वहिनी पुढे काही सांगत होत्या, त्यातलं एकच वाक्य माझ्या कानात राहिलं. सकाळी मस्त पळून आले होते, कुठेच दुखत नव्हतं... अवीबद्दल लिहायला बसलो तर याच वाक्यापासून सुरुवात करावी लागते, कारण ते ऐकताना दुःखाच्या आधी मला हेवा वाटला. हा माणूस दोन्ही पाय धड घेऊन गेला. मला गोड लिहिता येत नाही. जसं होतं तसं लिहितो.

आमची ओळख दुर्गच्या कॉलेजातली. मी खुर्सीपारच्या कामगार वस्तीतून बाबांच्या जुन्या सायकलने जायचो, तो टाउनशिपच्या सेक्टरमधल्या क्वार्टरातून वडिलांच्या स्कूटरवर. माझे बाबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथे आले आणि प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारे मजूर, म्हणून लागले. त्याचे वडील त्याच प्लांटमध्ये साहेब. दोन्ही घरांत मराठीच बोलायचे, पण त्यांची मराठी इस्त्री केलेली आणि आमची नुसती धुऊन वाळवलेली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. काळ्या गाउनमधला माझा फोटो आईच्या खोलीत देवांच्या वरच्या खिळ्याला आहे. अवीच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर मी तसेच फोटो शोधत होतो. आजोबा पदवीधर, वडील पदवीधर, आई एम.ए., आणि भिंतीवर फक्त एक घड्याळ आणि कुठल्याशा डोंगराचं चित्र. विचारलं तर म्हणाला, "असतील कुठेतरी पेटीत." त्याच्या स्कूटरचा किंवा इंग्रजीचा मला जेवढा हेवा वाटला नाही, तेवढा त्या 'असतील कुठेतरी'चा वाटला. ज्या गोष्टीसाठी माझ्या बाबांनी जन्मभर पाळ्या केल्या, ती या घरात कुठल्या पेटीत आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. आणि त्यात घमेंड नव्हती, ही खरी पंचाईत. घमेंड असती तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तसा तो इतका साधा होता की दोस्ती करण्यावाचून इलाज राहिला नाही.

चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघं पळायला लागलो. आधी त्याने सुरू केलं, अर्थात. टाउनशिप आणि खुर्सीपारच्या मध्ये एक मैदान आहे. त्याच्या मधोमध पिंपळ आणि पिंपळाखाली मारुती, कधीकाळी कामगारांनीच बसवलेला. मैदानाभोवती पायांनीच पडलेली एक गोल वाट आहे. या वाटेवर चालणारा, पळणारा, काठी टेकत येणारा, प्रत्येक जण मारुतीला उजव्या हाताला ठेवून फिरतो. असा कोणी फलक लावलेला नाही, पण व्यायामासोबत प्रदक्षिणाही होते, तर कोण सोडेल? फिटरच्या कामातून निवृत्त झालेले बाजीरावकाका रोज मारुतीला पाणी घालतात, शनिवारी शेंदूर लावतात आणि कोण आलं नाही याची चौकशी करतात. आम्हीही त्यांच्यातलेच झालो. अवी पुढे, मी मागे. त्याचे पाय जमिनीला लागल्याचा आवाज यायचा नाही, आणि माझे पाय, तो म्हणायचा, पार सिव्हिक सेंटरला ऐकू जातात. त्याच्या बनियनच्या पाठीवर घामाचं एक पान उमटायचं, आधी खांद्यांच्या मध्ये रुंद, मग खाली देठासारखं निमुळतं. कित्येक वर्षं मी ते पान बघत पळलो. तोंड कोणाचंही विसरेन, ती पाठ विसरणार नाही.

मग रायपूरला एक लांब पल्ल्याची दौड होती, तिचं खूळ डोक्यात शिरलं. त्याने चार फेऱ्या वाढवल्या की मी पाच वाढवायचो. तो थांबला की मी आणखी एक मारायचो, त्याने पाहावं म्हणून. मग दुसऱ्या दिवशी तो हसत हसत माझ्यापेक्षा एक जास्त मारायचा. त्याच्यासाठी तो खेळ होता, माझ्यासाठी नव्हता. आम्ही पळत नव्हतो, एकमेकांना पिळत होतो. व्हायचं ते झालं. त्याचा डावा खुबा धरला. त्या कुशीवर झोपता येईना, स्कूटरवर टांग टाकताना तोंड वाकडं व्हायला लागलं. आणि माझा उजवा गुडघा. वाटेवरच्या एका मोडक्या गोलपोस्टपाशी आलं की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कोणी तापलेला चमचा टेकवल्यासारखं व्हायचं. थांबलं की बंद, पळालं की सुरू. आधी आम्ही बुटांना दोष दिला, मग वयाला. तेल चोळून झालं, शेक देऊन झालं. बाजीरावकाकांनी रुईची पानं गरम करून बांधायला सांगितली, तीही बांधून झाली. रायपूरची दौड आमच्याशिवाय पार पडली.

शेवटी पद्मनाभपूरला एक फिजिओ मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेलो. माझ्या मोठ्या मुलीच्या वयाची बाई. तिने आम्हाला चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, मग कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला सांगितला. तो क्षणभरही हवेत टिकेना. मी पदवीधर, मी अकरावी-बारावीला शिकवतो, आणि माझाच पाय मला उचलवेना. तिने विचारलं, तुम्ही पळता कुठे? मैदानाचं सांगितलं. "हमेशा एक ही तरफ घूमते हो क्या?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मारुती आहे ना, मी म्हणालो. ती हसली नाही. म्हणाली, "एक ही तरफ मुड़ते-मुड़ते अंदर वाले पैर का घुटना गया, बाहर वाले का कूल्हा. बीमारी एक ही है सर, बस पता अलग-अलग है." काही आठवडे पळणं बंद. खुब्याचे स्नायू बळकट करायचे. मग चालणं, मग थोडं चालणं थोडं पळणं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. आणि पळायला लागलात की काही महिने तरी उलट दिशेने फिरा.

बरं होणं ही काही करायची गोष्ट नाही, ती न करायची गोष्ट आहे, आणि इथे अवीने मला कायमचं मागे टाकलं. त्याला थांबता यायचं. मॅडमने पळू नका म्हटलं, तर हा माणूस दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या कठड्यावर बसून शेंगदाणे खायला लागला. खुशाल. पळणाऱ्यांना टोमणे मारायचा, मांजरांशी गप्पा करायचा. घरी टीव्हीसमोर सतरंजीवर आडवा होऊन पायाला रबराचा हिरवा पट्टा बांधून पाय वरखाली करायचा, आणि मीनलवहिनी म्हणायच्या की या वयात यांना पाळण्यातलं बाळ व्हायचं होतं. मला नाही जमलं. मला वाटायचं, मी थांबलो तर जे काही मिळवलंय ते सगळं मागे सरकत जाईल, पार बाबांच्या सायकलपर्यंत. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांच्या पदव्या पेटीत पडून असतात त्यांना बसून राहणं परवडतं. मी गुडघ्यावर पट्टा चढवून लंगडत फेऱ्या मारत राहिलो, आणि कठड्यावरून तो ओरडायचा, "गजू, बस ना यार, शेंगदाणे संपून राहिलेत."

पुन्हा पळायला लागला तेव्हा मॅडमने सांगितल्याप्रमाणे तो उलटा फिरला. मारुती डाव्या हाताला. ती सकाळ मला आठवते. चालणारी माणसं थबकली. कोणी हातानेच खूण केली की इकडून, इकडून. बाजीरावकाका कळशी खाली ठेवून वाटेत उभे राहिले आणि म्हणाले, "मोहरील सायेब, देवाले डावं टाकून कावून फिरून राहिले?" अवी जागच्या जागी पाय हलवत म्हणाला, "काका, इतकी वर्षं नट आवळत होतो. आता जरा ढिला करून राहिलो." जन्मभर नटबोल्टांवर पाने चालवलेल्या माणसाला याहून चांगलं उत्तर कोण देणार? काका इतके हसले की कळशी लवंडली. त्या दिवसापासून अवीचं नाव ढिले सायेब पडलं आणि त्याला उलटं फिरायची मुभा मिळाली. हेच मी केलं असतं तर? मला मुभा मिळाली नसती, नक्की. मी मॅडमचं म्हणणं समजावून सांगितलं असतं, स्नायूंची नावं घेतली असती, आणि लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

पण मी उलटा फिरलो नाही, याचं कारण ते नव्हतं. मी घरी नुसतं बोलून दाखवलं होतं की मॅडम असं म्हणतात. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तिकून नको फिरू, बापू. तिकून मुर्द्याभवती फिरतेत." आणि माझ्या पायांना ते एकदम आठवलं. बाबांच्या वेळी मडकं माझ्या खांद्यावर होतं. मागून पाणी गळत होतं आणि मी चितेला डाव्या हाताला ठेवून फिरत होतो. ती चाल माझ्या पायांत आहे. अवीच्या पायांत ती नव्हती. त्याचे वडील ऐंशीच्या पुढचे, रोज संध्याकाळी पांढरी पँट घालून फाटकापर्यंत जाणारे. ज्याने ती फेरी कधी मारलीच नाही, त्याला डावं काय आणि उजवं काय. त्याच्या बऱ्या होणाऱ्या खुब्याचा मला हेवा होताच, आता या गोष्टीचाही वाटू लागला की त्याला अजून बाप आहे.

आणि तो बरा झाला. पावसाळ्यात चालत होता, दिवाळीला हळू पळत होता, आंब्यांना मोहोर आला तोवर पाठीवर पुन्हा ते घामाचं पान. फक्त आता ते मला दिसायचं नाही. तो उलटा, मी सुलटा, त्यामुळे प्रत्येक फेरीत आम्ही समोरासमोर यायचो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पळणाऱ्या अवीचं तोंड दिसलं. पळताना तो किंचित हसायचा, आपल्याशीच. मोडक्या गोलपोस्टपाशी बहुतेक आमची गाठ पडायची. लांबूनच तो डावा हात वर करायचा, मी माझा, आणि जाता जाता टाळी. "ठीक?" तो विचारायचा. "ठीक," मी म्हणायचो, आणि तापलेला चमचा नेमका तिथेच टेकायचा. टाळी दिल्यावर मी वळून बघत नसे. त्याचे पाय वाजतच नव्हते, त्यामुळे तो किती पुढे गेला ते कळायचं नाही.

अंत्यविधीला गर्दी होती. अवीला मुलगा नाही. ऋचा, त्याची एकुलती एक मुलगी, पुण्याहून आली होती. तिचे आजोबा खुर्चीवर बसले होते, तीच पांढरी पँट. ऋचाने मडकं खांद्यावर घेतलं आणि चालायला लागली, देवळात चालतात तशी, उजवीकडून. क्रिया सांगणारे गुरुजी पुढे झाले. हळू आवाजात म्हणाले, "उल्टा, बेटी. उल्टा." ती गोंधळली, थांबली, वळली. मग तिने बापाला डाव्या हाताला ठेवून फेऱ्या घातल्या, पाणी मागे गळत होतं, आणि मला मैदानच दिसायला लागलं. वळणावर शरीर जरा आत झुकवायची तिची पद्धत हुबेहूब त्याची. माझ्या शेजारी बाजीरावकाका होते. ते पुटपुटले, "तवा मी हासलो नसतो तं बरं झालं असतं." मला त्यांचा राग आला. मैदानावर दुसऱ्या दिवसापासून तीच कुजबुज सुरू झाली. उलटं फिरत होते ना. देवाला डावं टाकलं ना. ज्या चालीने त्याचा खुबा बरा केला, तीच चाल लोकांनी त्याच्या मरणाला चिकटवली. आई माझ्या गुडघ्याकडे बघत राहिली.

नंतरच्या आठवड्यांत मला एक नवीन गोष्ट कळली. अवीचे सगळेच जवळचे मित्र होते. रायपूरच्या एका पळणाऱ्या गृहस्थाने फोनवर लांबलचक मजकूर फिरवला, माझा जिवलग वगैरे. प्लांटमधल्या एकाने सांगितलं की अवी मनातलं फक्त त्याच्यापाशी बोलायचा. भाजीवाला म्हणाला, साहेब माझ्याशी रोज थांबून बोलायचे. मी प्रत्येकाला हो म्हटलं आणि प्रत्येकाचा मला राग आला. हे सगळे कुठे होते, जेव्हा आम्ही दोघं मॅडमच्या गादीवर कुशीवर पडून, एकमेकांकडे पाठ करून, पाय उचलत होतो? वहिनींना भेटायला गेलो तेव्हा सतरंजी तशीच होती आणि हिरवा पट्टा खुर्चीच्या दांडीला अडकवलेला. वहिनींनी चहा दिला. मी असाच विचारलं, का विचारलं माहीत नाही, की माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का. मला वाटलं, त्या काहीतरी चांगलं बोलतील. वहिनींना एकाएकी हसू आलं, त्या दिवसांतलं पहिलंच असावं. म्हणाल्या, "ते म्हणायचे, गजू समोरून असा येतो, असा येतो की वाटतं माझ्यामुळेच त्याची गाडी चुकली."

एवढंच. मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात धरून आलो. म्हणजे तो बघत होता. मी त्याची पाठ बघत होतो तेवढीच बारकाईने तो माझं वाकडं तोंड बघत होता, आणि तरी प्रत्येक फेरीला हात वर करत होता. हे वाक्य रायपूरच्या गृहस्थाकडे नाही, प्लांटमधल्या त्या माणसाकडे नाही. हे फक्त माझ्याकडे आहे, आणि मी ते इथे लिहिलं नसतं तर बरं, असंही आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट बांधत होतो तर आई दारात उभी. तिला काही सांगावं लागत नाही. "तिकून फिरशीन का?" तिने विचारलं. "हो आई." ती दारातून बाजूला सरकली. मग म्हणाली, "मंग आल्यावर नळावर पाय धू, अन् मंगच घरात ये." मसणातून आल्यावर धुतात तसे. मी बरं म्हटलं. त्या दिवसापासून मी मैदानावरून आलो की अंगणातल्या नळावर पाय धुतो, मग घरात जातो. आई आतून नळाचा आवाज ऐकते.

मैदानावर मी मारुतीला डाव्या हाताला ठेवलं तेव्हा बाजीरावकाका कळशी घेऊन उभे होते. "तू बी?" म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी वाटेतून बाजूला होत म्हटलं, "हळू फिर मग." मी हळूच फिरतो. बहुतेक चालतो, मधेच थोडं पळतो, पाय वाजू न देण्याचा प्रयत्न करतो. मॅडमने सांगितलेलं सगळं, जे अवीने तेव्हाच केलं होतं, ते आता करतो. पाय हवेत धरतो तो आता थोडा टिकतो. शाळेच्या जिन्यात परवा कठडा सोडून पाहिला. चमचा टेकतो, पण तापलेला नसतो. उलट्या बाजूने फिरताना एक आहे, पुढे कोणाची पाठ नसते. सगळे समोरून येतात. बाजीरावकाका येतात, काठीवाले आजोबा येतात, कानात वायरी घातलेल्या मुली येतात. कोणी बघतं, कोणी मान फिरवतं. मोडक्या गोलपोस्टपाशी माझा डावा हात आपोआप वर जातो आणि मला तो खाली घ्यावा लागतो. अवीच्या खुब्याचा, त्याच्या बापाचा, कठड्यावर निवांत बसता येण्याचा, सगळा हेवा अजून आहे, जुना झालाय इतकंच. पण त्या गोलपोस्टपाशी आता एक नवा वाटतो. तो या बाजूने फिरायचा तेव्हा त्याला समोरून यायला मी होतो.